दम धरा

"दम धरा." एवढं बोलून सरदार डावा पंजा उघडून छातीसमोर धरायचे आणि मागची सगळी माणसं जागच्या जागी थांबायची. मग उजव्या हातातली काठी उंच करून ते खाणीच्या छताला ठोके द्यायचे. दगड भरीव असला की आवाज खणखणीत येतो, पोकळ असला की बद्द. मान किंचित तिरपी करून ते ऐकायचे. खात्री पटली की म्हणायचे, "हं. चला." तोवर एक पाऊलही पुढे पडायचं नाही.

सरदार म्हणजे पगडीवाले नव्हेत. कोळशाच्या खाणीत पाळीवरच्या माणसांच्या जिवाची जबाबदारी ज्याच्यावर असते, त्याच्या हुद्द्यालाच सरदार म्हणतात. आमचे सरदार राजूरच्या खाणीत होते आणि माझ्या शेजारी राहत. मी वर दिव्यांच्या खोलीत. खाली उतरणाऱ्याला डोक्याचा दिवा द्यायचा, वर आला की परत घ्यायचा, एवढंच माझं काम. त्यांचं खरं नाव राजुरात कोणी घेतलं नाही, मीही घेत नाही.

माझा स्वभाव उतावळा. चहा उकळेपर्यंत मला धीर निघत नाही. अशा माणसाच्या शेजारी हे गृहस्थ! भाजी घेताना, लग्नात अक्षता टाकताना, माझी वणीची गाडी सुटत असताना, यांचा पंजा वर. "दम धरा, भाऊ. कायले घाई करून राह्यले?" कित्येकदा वाटायचं, एक दिवस यांची ती काठी चुलीत घालावी.

एकदा कोणी मोठे साहेब पाहुण्यांना घेऊन खाण दाखवायला आले होते. घड्याळ बघत ते पुढे निघाले तर सरदार आडवे. "दम धरा, साहेब." साहेब लाल झाले, पण थांबले. आता छत कोसळलं असतं तर गोष्ट रंगली असती. काहीही कोसळलं नाही. वर आल्यावर मी म्हटलं, "काय मिळालं साहेबाला अडवून?"

"काही पडलं नाई, हे बरंच झालं ना," सरदार म्हणाले.

या माणसाच्या डोक्यात परदेश शिरला तो माझ्या खोलीतून. कुठल्याशा यंत्रांच्या कंपनीचं एक कॅलेंडर माझ्या खिडकीशेजारी लटकलेलं होतं. वर्ष संपलं, पानं गेली, चित्र तेवढं राहिलं. डाव्या अंगाला अजस्र दगडांची एक भिंत, आणि तिच्यापलीकडे खाली, डोंगरांच्या मधोमध, लाल कौलांचं एक शहर. कुठलं शहर, आम्हाला पत्ता नव्हता. दिवा घेतला की सरदार त्या भिंतीवर अंगठा टेकवायचे आणि खाली उतरायचे. वर्षानुवर्षं कोळशाचा अंगठा लागून त्या जागी एक काळा डाग पडला होता.

"काहून हात लावता जी रोज?" मी एकदा विचारलं.

"खाली जाच्या आधी वरचं काहीतरी पाहून घेतो," ते म्हणाले.

निवृत्त होताना त्यांनी शालीबरोबर ते चित्र मागून घेतलं. माझ्या पुतणीने मोबाइलवर त्याचा फोटो काढून शोध घेतला तेव्हा कळलं, हे पेरू देशातलं कुस्को. इंका नावाच्या राजांची जुनी राजधानी. ती भिंत शहराच्या डोक्यावरच्या किल्ल्याची. सरदारांनी नाव दोनदा म्हणून पाहिलं आणि जाहीर केलं, "आयुष्यभर खाली उतरलो. आता एकदा वर जाऊन त्या भिंतीपाशी उभा राह्यतो."

मोहल्ल्यात हशा पिकला. आमच्याकडे शिळी पोळी कुस्करून फोडणीला टाकतात, त्याला कुस्करा म्हणतात. त्यामुळे जो तो विचारी, "काय सरदार, कुस्कऱ्याले कधी निघता?" सरदार शांतपणे म्हणत, "दम धरा, निघतो."

खरी अडचण हसण्याची नव्हती, छातीची होती. कोळशाच्या धुळीने त्यांची फुप्फुसं खाल्ली होती. नागपूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, कुस्को अकरा हजार फुटांवर आहे, त्या उंचीवर धडधाकट माणसाला धाप लागते, तुम्ही जाऊ नका. सरदारांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी टेकडी चढायला सुरुवात केली. थोडं चढत, थांबत, पुन्हा चढत. उन्हाळा नाही, थंडी नाही. तब्बल दोन वर्षं हा प्रकार चालला आणि शेवटी डॉक्टरच थकले. म्हणाले, सोबत कोणीतरी असू द्या आणि त्रास झाला की लगेच खाली या.

सोबत म्हणजे मी. बायको गेल्यापासून मलाही घर खायला उठत होतं. निघताना वहिनींनी, म्हणजे सरदारांच्या बायकोने, मला फाटकाशी गाठलं. "भाऊजी, त्याइचा हट्ट मोडून मोडून मी थकली. तुमी जाऊन राह्यले म्हणून पाठवतो. पण त्याइले दम लागला का तिथूनच वापस आणा." मी हो म्हटलं.

एका सहल कंपनीबरोबर निघालो. सहलीत बाकी सगळे पुण्याचे. मी विमानतळावर "सरदार, इकडे" अशी हाक मारली तर दोन बायका पगडी शोधत राहिल्या. ओळख झाली तेव्हा एकीने विचारलं, "म्हणजे घराणं कुठलं?" सरदार म्हणाले, "जमिनीखालचं."

कुस्कोला पोचलो त्या दुपारी सरदार एकदम खुशीत. दगडी गल्ल्या, दोन्ही बाजूंना इंकांच्या भिंती, एकेका दगडाला नाना कोपरे, आणि मध्ये चुना नाही की माती नाही. आमच्या भागात काळ्या दगडाचं जुनं देऊळ दिसलं की कोणीही डोळे मिटून सांगतो, हेमाडपंती. सरदारांनी एकवार भिंत पाहिली आणि निकाल दिला, "हेमाडपंती हाय." आमच्या गाइड मुलीने मला विचारलं, ते काय म्हणतात? मी मोडक्या इंग्रजीत सांगितलं, आमच्या गावाकडे असंच बांधणारा एक माणूस होता. ती म्हणाली, तो इकडे आला होता का? तोवर सरदारांनी काठी उचलून भिंतीला ठोका दिलाच. शिट्टी वाजवत पहारेकरी धावला. सरदारांनी त्यालाच पंजा दाखवला, मान तिरपी करून ऐकलं आणि म्हणाले, "भरीव हाय. चला." पहारेकऱ्याची समजूत घालता घालता माझ्या नाकी नऊ आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्यांना उठवेना. ओठ निळसर, छातीचा भाता झालेला. हॉटेलवाल्यांनी कोकाच्या पानांचा चहा दिला, मग नळी लावून ऑक्सिजन दिला. सगळी मंडळी किल्ला पाहायला गेली. मी त्यांच्या पलंगाशी बसलो. खिडकीतून किल्ल्याची टेकडी दिसत होती. त्यांनी मला पडदा लावायला सांगितला. मला फार वाईट वाटलं. एवढ्या लांब येऊन माणूस खिडकीपाशी अडकला होता.

हॉटेलवर आलेल्या डॉक्टरांनी त्यांना खाली न्यायला सांगितलं. सुदैवाने सहलच पुढे खालच्या खोऱ्यात जाणार होती. तिथे नदी, मक्याची शेतं, डोंगराला कोरलेल्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतवाड्या. बाकीचे अवशेष पाहायला चढत आणि सरदार नदीकाठी बसून उकडलेला मका खात. "दाणा पाहा जी, केवढा भल्ला मोठा," असं म्हणून त्यांनी दोन दाणे वहिनींसाठी खिशात टाकले. रंग परतला, झोप लागू लागली. मला वाटलं, चला, सुटलो. आता सुखरूप घरी न्यायचं.

परतीचं विमान कुस्कोहून होतं, दुपारचं. त्या सकाळी मंडळी लोकरीच्या शाली घ्यायला बाजारात गेली. सरदार मफलर गुंडाळून, काठी घेऊन दारात उभे. "भाऊ, गाडी बोलवा."

"कुठे?"

"वामनगडावर." किल्ल्याचं नाव साक्सायवामान. त्यांनी त्याचा केव्हाच वामनगड करून टाकला होता.

मी भडकलो. म्हटलं, डॉक्टर काय बोलले आठवतं का? वहिनींना मी काय तोंड दाखवू? तिथे काही झालं तर तुम्हाला उचलून आणायला माझ्या अंगात बळ आहे का? मी बराच वेळ बोललो. त्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "तुमी नका येऊ. मी एकटा जातो." आता अशा माणसापुढे काय करणार? गाडी बोलावली.

गाडी फाटकापर्यंतच जाते. पुढे चढ. आत शिरलो आणि मी पाहतच राहिलो. ट्रकाएवढे दगड एकमेकांना असे भिडलेले की फटीत नखही जाऊ नये. सरदारांनी तिकडे पाहिलंही नाही. त्यांचं लक्ष चढावर होतं. काही पावलं चालायचे. थांबायचे. काठी जमिनीला टेकवून मान तिरपी करायचे. मग पुन्हा काही पावलं. मला आधी वाटलं, जुनी सवय. नंतर लक्षात आलं, ते स्वतःची छाती ऐकत होते. आतून आवाज बरा आला तरच पुढचं पाऊल. आमच्या मागून आलेली शाळेची पोरं वर जाऊन खालीही उतरली. आयुष्यात पहिल्यांदा मी घाई केली नाही. मी त्यांच्या मागे, ते थांबले की थांबत, चालत राहिलो.

एका ठिकाणी ते खूप वेळ थांबले. घशातून शिट्टीसारखा आवाज येत होता. मी म्हटलं, "सरदार, बस झालं. परत फिरू." त्यांना बोलता येईना. त्यांनी फक्त डावा पंजा वर केला.

आणि मग ते पोचले. भिंतीचा कोपरा आला, त्यापलीकडे खाली लाल कौलांचं शहर, चौक, देवळांचे मनोरे, भोवती डोंगर. हुबेहूब चित्र. ते एक पाऊल डावीकडे सरकले, पुन्हा थोडे मागे आले. "हं. इथूनच," म्हणाले. हात लावायला बंदी होती. त्यांनी अंगठा भिंतीसमोर हवेतच धरला. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही.

मी वहिनींना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे दिवेलागण होऊन गेली होती, त्या भाकरी थापत होत्या. पिठाच्या हाताने फोन धरून त्यांनी आधी नवऱ्याचं तोंड नीट पाहून घेतलं, मग मागचं शहर.

"चढले ना शेवटी! दम लागला का नाई?"

"लागला," सरदार म्हणाले. थोडा श्वास घेतला. "मंग धरला."

वहिनी रागावल्या होत्या की हसत होत्या, तिकडच्या पिठाने धूसर झालेल्या त्या पडद्यावरून मला कळलं नाही.

त्यानंतरचा हिवाळा त्यांनी पाहिला. पुढच्या वर्षी छातीने हार खाल्ली आणि सरदार गेले.

अंगणात राजूरची सगळी जुनी माणसं जमली होती, पाळीवर त्यांच्यामागे उभी राहिलेली. बैठकीत ते चित्र होतं, डागासकट. ऊन चढत होतं आणि नातेवाइकांची तरणी पोरं घाई करत होती. उचला, उचला, असं चाललेलं. तिरडीला खांदा लागला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "दम धरा."

ती सगळी म्हातारी माणसं जागच्या जागी थांबली. कोणी सांगितलं नव्हतं, तरी सगळ्यांच्या माना किंचित तिरप्या झाल्या, ठोक्याची वाट बघत. पुढचं मी म्हणायला हवं होतं, पण मला म्हणवेना.

शेवटी दारातून वहिनीच म्हणाल्या, "हं. चला."