गार्डसाहेबांसाठी घड्याळ

दगडी कोळशाच्या धुराचा वास आला की मला गोंदिया स्टेशनाजवळचं घड्याळांचं दुकान आठवतं. महायुद्ध नुकतंच संपलं होतं. आदल्या वर्षी दरेकशाच्या छोट्या स्टेशनावर माझी बायको बाळंतपणात अडली, तेव्हा एका मालगाडीच्या गार्डसाहेबांनी नियम बाजूला ठेवून तिला आपल्या डब्यात घेतलं आणि गोंदियाच्या दवाखान्यापर्यंत पोचवलं, म्हणून मायलेकी वाचल्या. आता ते नोकरीतून निवृत्त होत होते आणि आम्ही त्यांच्यासाठी भेट घ्यायला आलो होतो. मला अंधारात चमकणाऱ्या काट्यांचं लष्करी मनगटी घड्याळ भारी आवडलं, पण बायकोने खिशात ठेवायच्या साखळीच्या घड्याळावर बोट ठेवलं. मी म्हटलं, "असं त्याइच्यापाशी हाय ना, मंग कायले?" ती म्हणाली, "ते रेल्वेचं हाय, आज वापस द्या लागते. उद्या सवयीनं हात खिशात जाईन अन् खिसा रिकामा राहीन." मी लष्करी घड्याळ खाली ठेवलं आणि तिने दाखवलेलं घेतलं. फलाटावर गार्डसाहेब नुकतेच रेल्वेचं घड्याळ जमा करून बाहेर येत होते. बायकोने घड्याळाची डबी पुढे केली. त्यांनी घड्याळ कानाशी धरलं, "बेटी, इसकी क्या ज़रूरत थी?" एवढंच म्हणाले. तिने कडेवरची मुलगी त्यांच्या हातात दिली. ती मुलगी आता दोन लेकरांची आई आहे, आणि ती माहेरी आली की तिला उंबऱ्यावर पाहून मी आधी त्या माणसाला मनातून हात जोडतो.