चौदा अंश

तपासणीच्या जागी पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, हा अन्न निरीक्षकाचा नियम त्याने एकवीस वर्षं पाळला होता. बदली झाली ती नेमकी कॉलेजच्या गावी, आणि पहिल्याच यादीत सगळे जुने अड्डे. ज्या बारच्या पायरीवरून पहिल्या बिअरनंतर तो गडगडत खाली आला होता, तिथलं बर्फाचं यंत्र लख्ख निघालं. मालकाने ओळखलं नाही, तेही बरंच झालं.

पावणेएकला तो काकूंच्या खाणावळीत शिरला, तिथे मात्र लगेच ओळख पटली.

"भस्म्या, केवढा वाळलास रे," काकू म्हणाल्या. तिसऱ्यांदा भात मागायचा म्हणून त्यांनीच ठेवलेलं हे नाव. आई गेली त्या वर्षी काकूंनीच त्याला पोटच्या पोरासारखं जेवू घातलं होतं. म्हणून तर लेक याच कॉलेजात आली तेव्हा त्याने तिला बजावलं होतं, जेवायचं ते काकूंकडेच. ती रोज एकला यायची.

त्याने फ्रिजमधल्या रश्श्यात थर्मामीटर बुडवलं. पाचाच्या आत हवं, आकडा चौदा. वास नव्हता, रंगही ठीक होता, पण आकडा काही हलेना. नियम सरळ होता, आत्ताच्या आत्ता कुलूप. आणि सत्तरीच्या काकूंकडून ते पुन्हा उघडणं व्हायचं नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

मेकॅनिक उद्या येतोय, काकू म्हणाल्या, आजच्या दिवस पाच लिही.

बाहेरच्या बाकावर मुलं जमू लागली होती. खाल्ल्या अन्नाला जागायला नको? त्याने पाच लिहिला. मग दाराकडे तोंड करून लेकीला फोन लावला आणि हळूच म्हणाला, आज इकडे येऊ नकोस, दुसरीकडे खा. कारण सांगायला जीभ रेटेना.

वळला तर काकू मागेच उभ्या.

"म्हणजे खरंच वाईट आहे तर," त्या म्हणाल्या. "लेकीला सांगितलंस. बाहेरच्यांना कोण सांगणार?"

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकूंनी गॅस बंद केला, खिळ्यावरचं कुलूप काढून त्याच्यापुढे ठेवलं आणि आज जेवण नाही, हे सांगायला स्वतःच बाकाकडे गेल्या.

त्याने पाच खोडून चौदा लिहिला. खोडलेला पाच तरीही वाचता येत होता.