सुकलेली पट्टी मी मुद्दाम ओढली

मंडळी, दुपारपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितेय.

माझे मिस्टर तेलगावजवळच्या आमच्या गावात चर्चचे पाळक आहेत. मी सकाळी चार तास तेलगावच्या एका दवाखान्यात ड्रेसिंग करते. ही नोकरीसुद्धा प्रभूची सेवाच आहे, असं मी चर्चच्या मंडळीत नेहमी सांगते.

आज समोर आमच्या गावचे अण्णा येऊन बसले. शुगरमुळे पाय चिघळलेला. सासूबाई वारल्या तेव्हा याच माणसाने "ख्रिस्ती लोकान्ला हितं जागा न्हाई" म्हणत खणलेला खड्डा बुजवायला लावला होता. माती द्यायला आम्ही सासूबाईंना बीडला नेलं.

मास्कमुळे अण्णांनी मला ओळखलं नाही. "घरात कुनी पायाला हात लावत न्हाई, माय. लई वास येतो," म्हणाले.

सुकलेली पट्टी सलाइनने भिजवून काढायची असते. मी ती कोरडीच ओढली. ते ओरडले, आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

मग मी मास्क खाली केला. "वळखलं का? तुमी जिला माती मिळू दिली न्हाई, तिची सून हाय मी."

अण्णा हळूच म्हणाले, "परवा येऊ का नको?"

"या," मी म्हणाले. जखम नीट धुऊन नवी पट्टी बांधली. माफ मात्र केलं नाही.

परवा पट्टी भिजवूनच काढणार आहे. त्यापुढचं अजून जमत नाही. तुमच्यापैकी कुणाला जमलंय का? खरं सांगा.