तिसरीचा वेळ

पहिलीचा बाण दहाऐवजी सहाच्या वर्तुळात गेला. तरी ती रेंगाळली नाही. लगेच रेषेमागे आली आणि तिने पुढचीच्या दंडाला हात लावला.

आंतरराष्ट्रीय स्पर्धेतला महिलांचा सांघिक तिरंदाजी सामना आम्ही मोबाइलवर बघत होतो, नगरपालिकेच्या पायऱ्यांवर. मुलींचं तिरंदाजीचं मैदान पार्किंगला द्यायचा घाट मुख्याधिकारी साहेबांनी घातलाय, म्हणून ठिय्या दिला होता.

"थांबून नीट मारायचा ना!" मी चिडले.

"तिघींना मिळून दोनच मिनिटं असतात, ताई," त्याच मैदानावर शिकलेली सोनाली म्हणाली. "हिनेच खाल्ली तर तिसरीने काय करायचं?"

पत्रकावर आम्ही 'सामूहिक लढा' ठळक छापतो आणि माइक हातात आला की सोडत नाही. मीसुद्धा. मैदान या पोरींचं जाणार, आणि एकाही सभेत त्यांना बोलायला वेळ उरलेला नाही!

तेवढ्यात साहेब बाहेर आले. "पाच मिनिटं देतो. बोला."

मी भाषणाचा कागद घडी करून खिशात घातला. दोन वाक्यं बोलले, मागे सरले आणि सोनालीच्या दंडाला हात लावला.

उरलेला वेळ तिचा होता. ती जराही घाई न करता बोलू लागली.