बागेतला गडगा

नवऱ्याला स्ट्रोक आला तेव्हा आम्ही दोघंही नुकतेच रिटायर झालो होतो. त्याची उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. मी आयुष्यभर पॅथॉलॉजिस्ट म्हणून नोकरी केली, त्यामुळे हॉस्पिटलात स्कॅन मी स्वतःच पाहिला आणि ईस्ट कोस्टला राहणाऱ्या मुलाला फोनवर सांगितलं की पाय बराचसा सुधारेल, हात थोडाफार, पण बोलण्याचं काही खरं नाही.

काही आठवड्यांनी बोलणं आलं, पण ते फक्त मराठी, आणि तेही सुटे सुटे शब्द. इंग्रजी पार गेलं. इतकी वर्षं ज्या भाषेत त्यानं पुलांची डिझाइन्स केली, मीटिंगा गाजवल्या, शेजाऱ्यांशी फुटबॉलवरून वाद घातले, ती भाषा त्याला आता नुसती ऐकून कळायची, तीसुद्धा हळू बोललं तर. स्पीच थेरपिस्ट मुलगी फार गोड होती. तिनं छत्रीचं चित्र समोर धरलं. बराच वेळ धडपडून तो म्हणाला, "छत्री." तिनं मायेनं मान हलवली आणि पुढचं चित्र काढलं. मी म्हटलं, "थांब, त्याचं उत्तर बरोबर आहे." तिला ते कळलं, तिनं पुन्हा पुन्हा सॉरी म्हटलं, पण तिचा तरी काय इलाज होता. मराठी येणारा थेरपिस्ट आम्हाला कुठे मिळणार होता?

त्यानं मग बोलणंच टाकलं. मित्र यायचे, त्याच्याशी मोठ्या आवाजात बोलायचे, जणू काही तो बहिरा झालाय. ते गेले की तो खिडकीशी जाऊन बसायचा. त्या वर्षी अमेरिकेच्या वायव्य टोकाला, आमच्या रेडमंड गावी, पाऊस मे महिन्यापर्यंत रेंगाळला होता. मला घरात गुदमरायला व्हायचं.

आमच्या शेजारच्या अपार्टमेंटमध्ये पुण्याची एक मुलगी राहते, सॉफ्टवेअरमध्ये आहे. ती एकदा जिन्यात भेटली. म्हणाली, "काकू, शनिवारी सकाळी पार्कमध्ये या ना. आमचा व्हॉलंटिअर ग्रुप आहे. काकांना पण आणा, ते खुर्चीवर बसतील. फ्रेश एअर तरी मिळेल."

पार्क म्हणजे शंभरेक वर्षांपूर्वी लाकडाच्या गिरणीच्या मालकानं टेकडीच्या उतारावर केलेली बाग. पुढे ती गावाला मिळाली आणि मग तिच्याकडे कुणाचं लक्ष राहिलं नाही. आम्ही गेलो तेव्हा वरच्या अंगाला ब्लॅकबेरीची काटेरी जाळी माजलेली होती, झाडांच्या गळ्यापर्यंत आयव्हीचे वेल चढले होते, आणि त्याखालून ग्रुपनं नुकत्याच दगडी पायऱ्या आणि उताराला आधार देणारी एक लांब भिंत मोकळी केली होती. भिंतीला सिमेंट नाही, चुना नाही, नुसते दगडावर दगड. बऱ्याच ठिकाणी तिला पोट सुटलं होतं, आणि मधला एक भाग तर सरळ खाली सांडला होता.

ग्रुपची म्होरकी एक सत्तरी उलटलेली बाई. शाळेची बस चालवून रिटायर झालेली, आणि अजूनही सगळ्यांशी बसमधल्या पोरांशी बोलावं तशी बोलणारी. तिनं नवऱ्यासाठी फोल्डिंगची खुर्ची मांडली, त्याच्या गुडघ्यांवर ब्लँकेट टाकलं आणि मला हातमोजे दिले. मी आयव्ही उपटायला लागले.

दुसऱ्या की तिसऱ्या शनिवारी मी मान वर केली तर खुर्ची रिकामी. पाहते तर तो काठीवर रेलून भिंतीपाशी उभा होता. बाईच्या हातात एक दगड होता, तो ती भिंतीत बसवू पाहत होती, आणि हा डाव्या हातानं तिचं मनगट धरून म्हणत होता, "उलटा. उलटा."

मी धावत गेले, पण बाईनं मला हातानंच थांबवलं. तिनं दगड फिरवला. त्यानं मान हलवली. तिनं आणखी फिरवला, रुंद बाजू खाली आली. "हां," तो म्हणाला. दगड चपखल बसला.

"काय म्हणतोय तो?" तिनं मला विचारलं.

मी सांगितलं की उलटा म्हणजे वरची बाजू खाली कर. ती दोन-तीनदा स्वतःशी पुटपुटली, "उल्ता, उल्ता," आणि पुढचा दगड उचलून त्याच्यासमोर धरला. "उल्ता?"

"नाही," तो म्हणाला, आणि हसला. किती महिन्यांनी हसला होता.

तो रत्नागिरीकडचा. तिकडे घराभोवती, बागेभोवती असेच कोरडे दगड रचून कुंपण घालतात, त्याला गडगा म्हणतात. लहानपणी पावसाळ्याआधी गडगा सावरायला त्याला वडिलांच्या हाताखाली उभं केलं जायचं, एवढं मला माहीत होतं. पण त्यानं त्याबद्दल कधी कौतुकानं सांगितलं नव्हतं. उलट कंटाळ्याचं काम म्हणूनच सांगायचा.

त्या उन्हाळ्यात भिंतीचा सांडलेला भाग त्याच्याकडे आला. उचलाउचल इतरांनी करायची, हा बोटानं दाखवणार, लहान दगड डाव्या हातानं बसवणार, फटींत कपच्या सारणार. ग्रुपमध्ये सगळ्यांच्या तोंडी त्याचे शब्द बसले. छोटा, मोठा, सरळ, थांब. भिंतीला तर सगळे गडगाच म्हणायला लागले, ड अगदी मऊ करून. मी दूर आयव्ही उपटत असायचे आणि कानावर बाईच्या अमेरिकन आवाजात "मोता, मोता" यायचं. थेरपीपेक्षा तो तिथे जास्त बोलायचा. कधी चिडायचा, काठी आपटायचा. बाई तेवढा वेळ थर्मासमधली कॉफी पीत उभी राहायची, आणि मग विचारायची, "झालं? चल."

सप्टेंबरअखेर तो भाग उभा राहिला. ऐतिहासिक वास्तू बघणारा गावाचा माणूस येऊन पाहून गेला, जुन्याला जुळतंय म्हणाला. नवऱ्यानं त्याच्याशी डाव्या हातानं शेकहँड केला.

डिसेंबरात तीन दिवस न थांबता पाऊस पडला. शुक्रवारी शेजारच्या मुलीचा फोन आला. तिचा आवाज पडलेला होता. "काकू, गडगा कोलॅप्स झाला. काकांनी केलेला तेवढाच. बाकीचा आहे. काय करायचं? त्यांना सांगायचं का?"

मला रात्री नीट झोप लागली नाही. सकाळी मी त्याला म्हटलं की बाहेर गारठा आहे, आज राहू दे. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि जाऊन बूट घालायला बसला. एका हातानं बूट घालायला त्याला वेळ लागतो, मी मदत केलेली चालत नाही. मी गाडीची किल्ली घेतली आणि जाताना वाटेत सांगून टाकलं. तो वायपरकडे बघत राहिला.

चिखलात दगड पसरले होते. त्यातून मातीचा ओघळ पायवाटेवर आला होता. नेहमीची सगळी माणसं रेनकोट घालून उभी होती. तो काठी टेकत पुढे गेला, एका दगडावर बूट ठेवला, आणि म्हणाला, "पडला." मग माझ्याकडे वळून, "माझा."

त्याचा चेहरा मला बघवेना. बाईनं विचारलं काय म्हणतोय. मी सांगितलं, माझा पडला म्हणतोय.

ती त्याच्याजवळ गेली आणि हळू, एकेक शब्द सुटा करून बोलली. "आम्ही आलो तेव्हाही तो पडलेलाच होता. ज्यानं पहिल्यांदा बांधला तो तर चांगला धडधाकट असणार. त्याचाही पडलाच ना?" त्याला सगळं कळलं की नाही माहीत नाही. तिनं वाकून एक दगड उचलला, चिखल पुसला आणि त्याच्यासमोर धरला. तो घेईना. ती तशीच उभी राहिली. जड दगड होता, तिनं तो पोटाशी टेकवून धरला. शेवटी त्यानं नको अशी मान हलवली आणि म्हणाला, "आधी माती."

मी ते इंग्रजीत सांगितलं. आधी माती काढायची. मग फावडी आली. भिंतीमागे आम्ही मातीच भरली होती, तिथे आता खडी भरायची ठरलं, म्हणजे पाण्याला वाट राहील. ही चूक कुणाची, हे कुणी काढलं नाही. मी तर ती माती भरणाऱ्यांतलीच एक होते.

ख्रिसमसला मुलगा आला. त्याला मराठी कळतं, पण बोलतो इंग्रजीतच, आणि बाप आजारी पडल्यापासून फोनवर दोघांत नुसती शांतता असायची. शनिवारी तो आमच्याबरोबर पार्कमध्ये आला. मोठे दगड त्यानं उचलले. मी लांबून पाहत होते. आधी तो मला विचारायचा, "आई, व्हॉट इज 'बाजूला'?" मग विचारेनासा झाला. दुपारी बघितलं तर तो गुडघ्यांवर चिखलात बसून बापाला विचारत होता, "बाबा, हा? की हा?" आणि हा प्रत्येक दगडाला नाही म्हणत होता.

एअरपोर्टवर जाताना मुलगा म्हणाला, "ही इज सो बॉसी." आणि खिडकीबाहेर बघत डोळे पुसले.

या गोष्टीला आता दोन हिवाळे झाले. नवऱ्याचं इंग्रजी थोडंसं आलं, कॉफी, येस, टुमॉरो, असं. हात तसाच आहे. यंदा पाय लवकर थकतो, म्हणून आम्ही अर्धाच वेळ थांबतो. गडगा उभा आहे. खालच्या पायवाटेवर लोक पळायला येतात. परवा एक मुलगी येऊन सरळ गडग्यावर बसली आणि बुटाची नाडी बांधायला लागली. नवरा खुर्चीत ताठ झाला. तिनं दुसऱ्या बुटाचीही नाडी सोडून पुन्हा बांधली, पाणी प्यायली, आरामात आळस दिला आणि पळत निघून गेली. त्यानं श्वास सोडला, मला हात दिला आणि म्हणाला, "चल, जेवायला."