ब्लॉगची एकच वाचक

निवृत्तीनंतर बाईने भजनी मंडळात जावं नाहीतर नातवंडं सांभाळावीत, असा आमच्या तापीकाठच्या गावाचा रिवाज. भजनात माझं मन लागत नाही आणि नातवंडं सुरतेला. म्हणून शाळेतली नोकरी संपल्यावर मी एका आरोग्य संस्थेच्या वर्गावर शिकवू लागले. वर्ग खांडबाऱ्याला, बाजाराच्या दिवशी भरायचा. डोंगराकडच्या बायका मीठ-मिरची घेऊन झाली की संस्थेच्या पडवीत येऊन बसायच्या. विषय मुख्यतः सिकलसेलचा. आमच्याकडे हा रक्ताचा आजार पुष्कळ घरांत आहे. मुलांचे सांधे एकाएकी ठणकायला लागतात, ताप चढतो, आणि आईला वाटतं कुणाची तरी नजर लागली.

दिवाळी झाली की वर्ग ओस पडायचा. बायका घरच्यांबरोबर ऊसतोडीला गुजरातेत जायच्या, त्या होळीलाच परत. मुलंही सोबत, आणि आजार काही गावात मागे राहत नाही. तिकडे पडाव म्हणजे शेताच्या कडेला ठोकलेली पालं. ऐन थंडीत, जेव्हा माहितीची खरी गरज, तेव्हाच वर्ग बंद. संस्थेने यावर ब्लॉगचा तोडगा काढला. दर आठवड्याला मी एक धडा लिहायचा आणि जो जिथे असेल त्याने तो फोनवर वाचायचा. मला हसूच आलं. वर्गातल्या बहुतेकींना सही करताना घाम फुटायचा. घरी माझी जाऊ म्हणाली, “इतलं लिखी ऱ्हायनी तू, पन वाचस कोन?”

वाचणारी एक होती. वर्गात ती एकटीच आठवीपर्यंत शिकलेली, पुढे लग्न झालं आणि शाळा सुटली ती सुटलीच. निघताना मला म्हणाली, “बाई, मुकादमाच्या फोनवर मी वाचीन. जेवणं झाली की सगळ्यांना सांगीन.” मी मराठीत लिहायचे, ती ते वाचून कोकणीत, म्हणजे त्यांच्या डोंगरातल्या आदिवासी बोलीत, सांगायची. पडावातलं कोणीतरी मयतीला गावी आलं होतं, त्याच्याकडून कळलं की तिकडे आता सगळे तिला ‘बाई’ म्हणतात. दिवसभर कोयता चालवून संध्याकाळी बाई. मला फार बरं वाटलं. पस्तीस-चाळीस पोरांच्या वर्गात असं बरं क्वचितच वाटलं असेल.

नंदुरबारच्या कार्यालयातले साहेब माझ्या मुलाच्या वयाचे. त्यांनी एक दिवस बोलावून घेतलं. “मॅडम, ब्लॉग एकच जण उघडतो. तेही बहुतेक तुम्हीच.” मी म्हटलं, तो एकच जण म्हणजे अख्खा पडाव आहे. ते हसले, अगदी आदराने हसले, त्याचाच जास्त राग आला. ब्लॉग थांबवून आता संगीत लावलेले छोटे व्हिडिओ करायचं ठरलं होतं. सत्तेपुढे शहाणपण चालत नाही. मी पडावावर निरोप धाडायचा प्रयत्न केला, पण मुकादम दुसऱ्या तालुक्यातला, त्याचा नंबर गावात कुणाकडेच नव्हता.

होळीच्या आदल्या बाजारी ती आली. वाळली होती. पडवीत आम्ही दोघीच होतो.

“बाई, धडे येईनासे झाले.”

काय झालं ते मी सांगितलं. ती मान हलवत राहिली.

“मग मी जुनेच वाचले. तेही संपले. पण बाया रोज येऊन बसायच्या. त्यांना काय सांगू, बाईंनी लिहिलं नाही? मग मी माझ्या मनाने सांगत गेले. तुमचं नाव घेऊन.”

खोटं कशाला सांगू, मला आधी अभिमानच वाटला. असा विद्यार्थी कुठे मिळतो, असं मनात आलं.

“ताप आला की ओल्या फडक्याने अंग पुसायचं, तुम्ही लिहिलं होतं ना?”

“हो.”

“एकीच्या पोराचे हातपाय सुजले. फार रडत होतं. मी म्हटलं, बाईंनी लिहिलंय, गार पाण्याची फडकी गुंडाळा. रात्रभर गुंडाळली. सकाळी दवाखान्यात नेलं तर वाटेतच गेलं.” मग तिने माझ्याकडे पाहिलं. “ते बरोबर होतं ना, बाई?”

हातपाय सुजण्यावरचा धडा माझा लिहायचा राहिला होता, ब्लॉग थांबला त्याच्या पुढच्याच आठवड्याचा. ‘बरोबर होतं’ हे शब्द अगदी जिभेवर आले होते. पोर तर गेलेलंच, निदान ही तरी रात्री झोपली असती. पण दिवाळी झाली की ती परत पडावावर जाणार होती. बायका पुन्हा तिच्याभोवती बसणार होत्या आणि थंडी काही एका वर्षापुरती येत नाही.

“नाही,” मी म्हटलं. “त्या दुखण्याला ऊब लागते. गार पाणी लावायचं नाही. प्यायला भरपूर पाणी द्यायचं आणि सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा.” पोर फडक्यांनीच गेलं असं डॉक्टरसुद्धा सांगू शकणार नाही, हेही बोलले. ते तिच्यापर्यंत पोचलं असं वाटत नाही.

ती रडली नाही. “परत सांगा,” म्हणाली. मी परत सांगितलं. तिचे ओठ हलत होते, ती ते कोकणीत लावून बघत होती. बाहेर बाजार उठायला आला होता, वजनकाट्यांचे आवाज कमी झाले होते.

“त्याची आई बाहेर बसलीय,” ती म्हणाली. “ती सगळ्यांना सांगते, बाईंनी लिहिलेलं सगळं मी केलं, तरी पोर गेलं, मग कुणाचा दोष नाही. तिला मी सांगू का?”

“नाव माझं घेतलं होतंस,” मी म्हटलं. “मीच सांगते.”

चपला घालायला मला जरा वेळ लागला. मग मी तिच्यामागून बाजारात गेले.