स्क्रीन रुग्णाकडे वळवणाऱ्या पारठे मॅडम

डॉ. शैलजा पारठे यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोऱ्या. दंतवैद्यकाची पदवी घेऊन मी त्यांच्या दहिवलीच्या दवाखान्यात नोकरी मागायला गेले, तेव्हा त्या कपाटात डोकं खुपसून एक्स-रे फिल्म धुण्याच्या बाटल्या बाहेर काढत होत्या. "बरं झालं आलात. हे आजपासून बंद. टेबलावरचं नवं यंत्र चालवता येतं का?" ही माझी मुलाखत. यंत्र मला येत होतं. बाकीचं सगळं मॅडमनी शिकवलं.

बोटाच्या पेराएवढा सेन्सर दाताशी धरायचा, बटण दाबायचं, की दाताचं चित्र लगेच स्क्रीनवर. आता कामं भराभर उरकतील अशा समजुतीत आम्ही होतो. झालं उलटंच. मॅडमनी स्क्रीन रुग्णाकडे वळवली. ज्याचा दात त्याने आधी बघायचा, त्याला पटलं की मगच आम्ही हात लावायचा, असा नियम झाला. भिसेगावचे एक आजोबा आपल्या दाताची मुळं बघून इतके खूश झाले, की दात न काढताच घरी गेले. बाहेर बाकावर रुग्ण ताटकळायचे आणि मी मनातून चरफडायचे.

हा नियम कशासाठी, ते मला हिराबाईंमुळे कळलं. हिराबाई कळंबच्या वरच्या वाडीतल्या. गाल धरून आल्या आणि खालची डावी दाढ दाखवून म्हणाल्या, "ही काळी बघा. हीच किडलीय. काढून टाका." उजवीकडच्या दाढा त्यांनी आधीच कुठेतरी काढून घेतलेल्या. भाकरी चावायला उरली होती ती ही एकच बाजू.

एक्स-रेत खालची दाढ ठणठणीत निघाली. काळी होती ती मिश्रीने. कीड होती वरच्या दाढेत, दोन दाढांच्या फटीत, बाहेरून न दिसणारी. खालची काढली असती तर चांगली दाढ गेली असती आणि दुखणं तसंच राहिलं असतं. मॅडमनी स्क्रीन वळवली, समजावलं. हिराबाईंचा विश्वास बसेना. "फोटूला काय कळतंय? दुकतंय मला, फोटूला नाय!"

मला राहवलं नाही. "मॅडम, चित्र स्वच्छ आहे. वरच्या दाढेचं काम सुरू करू या ना."

"चित्र तुम्हाला पटलंय. दाढ त्यांची आहे," मॅडम म्हणाल्या आणि हिराबाईंकडे वळल्या. "मी फक्त वरच्या दाढेला भूल देते. तरीही दुखत राहिलं, तर तुमचं खरं धरून पुढचं बोलू."

भूल दिली. थोड्या वेळाने हिराबाईंनी खालच्या दाढेवर बोट दाबलं, पुन्हा दाबलं आणि माझ्याकडे बघून हसत सुटल्या. "थांबलं की गं! माजाच दात मला फसवीत होता!" त्या दिवशी मॅडमविषयी मला फार अभिमान वाटला. रूट कॅनल पुरं होईपर्यंत हिराबाई न चुकता डोंगर उतरून येत राहिल्या.

मॅडमची माया अशीच हट्टी आहे. मला दिवस गेले तेव्हा एक्स-रेचं बटण त्यांनी माझ्याकडून काढूनच घेतलं. "डिजिटलमध्ये किरण कमी असतात," मी म्हटलं. "कमी म्हणजे नाहीत असं नव्हे. बाहेर जा आणि दूध पी," असं मला दटावून त्या स्वतः उठायच्या. त्यांच्या तोंडून 'अहो'चं 'अगं' कधी झालं ते मला कळलंही नाही.

हल्ली मॅडम जेवताना एकाच बाजूने चावतात. आम्ही सगळे बघतो, पण बोलायची कुणाची छाती नाही. परवा हिराबाई भाजलेले चिंचोके घेऊन आल्या. "दाढ वाचवली ती चिंचोके फोडायला?" मॅडम ओरडल्या. हिराबाईंनी कटाकट एक फोडून दाखवला आणि म्हणाल्या, "तुमी का नाय खात? एका बाजूनं चावायचं कसं असतं, मला ठावं हाय. सोताचा फोटू कदी काडताव?"

मॅडम म्हणाल्या, "बघू."

मॅडम, तुम्ही साठ वर्षांच्या झालात. तुम्हाला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभावं, ही कर्जत-खालापुरातल्या तुमच्या सगळ्या माणसांची मनापासूनची इच्छा आहे. पण 'बघू' चालणार नाही. तुमच्या साठीच्या समारंभाच्या दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली वेळ तुमच्या नावावर लावली आहे. खुर्चीत तुम्ही बसायचं. सेन्सर मी धरीन, आणि स्क्रीन तुमच्याकडे वळवायला हिराबाई येणार आहेत.